कपडे मोजणाऱ्या बाई

बाई कुणाच्याही घरात शिरण्याआधी अंगणातल्या दोरीकडे बघत. वाळत घातलेल्या कपड्यांवरून त्या घरात माणसं किती, पोरं किती, म्हातारं कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे का, हे त्यांना पायरीवरच कळायचं. आणखीही एक गोष्ट कळायची. ज्याचं नाव घरातलं कुणी घेत नाही असं एखादं पोर आत आहे का, तेही त्या दोरीवरूनच ओळखत. गावानं त्यांना ‘कपडेमोजणी बाई’ असं नाव ठेवलं होतं. नाव ठेवणाऱ्यांत मी पहिला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं माझ्याविषयी याहून वाईट सांगायचं आहे.

मी गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडण्याच्या कचेरीत कारकून होतो. अक्षर चांगलं, भाषा सरकारी. त्यामुळं आसपासच्या चार गावांचे अर्ज माझ्याकडून लिहून जात. मला मुली दोन. थोरली वासंती, आणि तिच्याहून सात वर्षांनी धाकटी कुंदा. कुंदा उशिरा बसली, उशिरा चालली, आणि बोलण्याच्या बाबतीत दहाबारा शब्दांवरच थांबली. ‘मतिमंद’ हा शब्द तेव्हा कागदावर होता. लोकांच्या तोंडात ‘पिशें’, म्हणजे वेडं, हाच होता. तो आपल्या अंगणात ऐकायला लागू नये म्हणून मी कुंदाला मागच्या खोलीत ठेवली. पाहुणे आले की शालिनी, म्हणजे माझी बायको, तिच्याजवळ जाऊन बसे आणि दार ओढून घेई. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला सांगत असे.

दर उन्हाळ्यात प्राथमिक शाळेचे शिक्षक शाळेत घालण्याच्या वयाच्या मुलांची यादी करायला घरोघर फिरत. त्या वर्षी नव्यानं आलेल्या या बाई फिरत होत्या. ठेंगण्या, रंगानं काळ्या, हातात कापडी पिशवी, पायांत पुरुषी वाटाव्यात अशा जाड वहाणा. घर डिचोलीजवळ सर्वणला. तिथं नवरा, सासू, दोन मुलगे. आठवडाभर त्या आमच्या गावात खोली घेऊन राहत आणि शनिवारी दुपारी म्हापशाला बस बदलून घरी जात. त्यांनी वही उघडली आणि विचारलं, “भुरगीं कितलीं, बाब?”

“एक. वासंती. अकरावीत आसा,” मी म्हटलं.

बाईंनी ते लिहून घेतलं. मग दोरीकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “मागीर तो तांबडो फ्रॉक कोणाचो?”

मी काहीतरी बोलणार तेवढ्यात आतून शालिनी बाहेर आली. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, पण माझ्या परवानगीशिवाय परक्या माणसापुढं ती बोललेली मी पहिल्यांदाच पाहिली. म्हणाली, “तो आमच्या कुंदाचो.” बाईंनी पेन पुन्हा उघडलं. कुंदाला काय झालंय, कधीपासून, डॉक्टर काय म्हणाला, असलं एक अक्षर त्यांनी विचारलं नाही. “कुंदाक जेवणांत कितें आवडटा?” एवढंच विचारलं. शालिनी रडायला लागली. नऊ वर्षांत ते तिला कुणी विचारलं नव्हतं.

त्यानंतर बाई दर पंधरा दिवसांनी येऊ लागल्या. मला त्यांचा संताप येई. असल्या पोरांच्या मागं लागणाऱ्या बाईच्या घरी असं एखादं असणारच, अशी कुजबुज गावात होती. मी ती त्यांच्या तोंडावर विचारली. बाई हसल्या. “म्हज्या घरा कोण ना, बाब. म्हणून तर म्हाका तुमच्या घरा येवंक वेळ मेळटा.” मग मी माझी सव्वा लाखाची मूठ पुढं केली. त्यावर त्या म्हणाल्या, “मूठ झांकून दवरली जाल्यार कोणें दिल्लें घेतलें कशें? हात उगडो जाय.” हात उघडा असला तरच कुणी दिलेलं घेता येतं, असं त्यांचं म्हणणं. शाळा सुटल्यावर दुपारी शाळेच्याच पडवीत अशा मुलांचा एक वर्ग घ्यायचा, असं त्यांच्या मनात होतं, आणि त्यात त्यांना कुंदा हवी होती.

शेवटी मी आमच्याकडचा सगळ्यांत मोठा आधार घेतला. देवीला कौल लावला. आमच्याकडे लग्न असो, विहीर असो, देवीला विचारल्यावाचून कुदळ पडत नाही. गुरव पाकळ्या पाण्यात बुडवून मूर्तीला चिकटवतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी हात जोडून म्हटलं, “माते, कुंदाला शाळेत धाडली तर गावभर होईल, वासंतीचं लग्न अडेल, घराची अब्रू जाईल. तर धाडू का?” डावी पाकळी लगेच पडली. मला केवढं हायसं वाटलं! बाई आल्या तेव्हा मी छाती पुढं काढून सांगितलं की आता देवीनंच नको म्हटलंय.

दुसरी कुणी शिकलेली बाई असती तर हसली असती, नाहीतर अंधश्रद्धेवर भाषण दिलं असतं. बाई खाली बसल्या आणि त्यांनी विचारलं, “प्रस्न कसो घातलो?” मी शब्दन्‌शब्द सांगितला. त्यांनी कपाळाला हात लावला. “एका पाकळेक तीन गजाली विचारल्यो तुमी! देवी तरी कितें करतली? कचेरींत एका अर्जार तीन मागण्यो बरयल्यार तुमी घेतात?”

नाही घेत. हे मला लागलं, कारण ते माझ्याच धंद्यातलं होतं. पुढच्या सोमवारी त्या माझ्याबरोबर देवळात आल्या आणि खांबाला टेकून बसल्या. “इतलेंच विचारात, कुंदान शिकपाक जाय काय ना.” तासभर काहीच हललं नाही. गुरवानं दोनदा गाऱ्हाणं घातलं. मग उजवी पडली. गुरवाचा नातू बाईंच्या पहिलीत होता आणि उजवीकडची पाकळी त्या दिवशी जरा कमी भिजली होती, असं मला वाटलं. पण देवीला बोल लावणारा मी कोण? लग्नाचंही विचारून घेतो म्हणून मी पुन्हा हात जोडले, तर बाई उठल्या. “तें देवीक विचारूं नाकात, बाब. तें वासंतीक विचारात.” मी वासंतीला विचारलं नाही. कुंदाला मात्र धाडली.

‘दनपारचो वर्ग’ असं त्या वर्गाला नाव पडलं. आठवड्यातून तीन दुपारी, पाच मुलं. एकाला ऐकू येत नव्हतं, एकीचे पाय अधू होते, बाकीची कुंदासारखी. बाई रजा काढून पणजीला जाऊन आठवडाभर एक शाळा बघून आल्या होत्या. बाकी सगळं त्यांच्या डोक्यातलं. पाटी-पेन्सिल महिनाभर दिसली नाही. एका डब्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायचं, बटणं लावायची, तांदळाच्या पुड्या बांधायच्या. मला ते पोरखेळ वाटले. चौथ्या महिन्यात कुंदानं आपला फ्रॉक आपण घातला, उलटा, आणि तो तसाच मिरवत ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी कचेरीला जायच्या घाईत होतो. शालिनीनं मला हाताला धरून थांबवलं, फ्रॉककडे बोट दाखवलं आणि म्हणाली, “पळयात तरी!”

त्या वर्गाचा एक विचित्र नियम होता. प्रत्येक आईनं आठवड्यातली एक दुपार वर्गात येऊन बसायचं, पण आपल्या पोराला हात लावायचा नाही. दुसरीच्या पोराला लावायचा. “आपल्या भुरग्याचें सगळें आपणूच करतात तुमी, आनी दुसऱ्याच्याक मात शिकयतात,” बाई म्हणत. सुरुवातीला बायका अवघडून बसायच्या. मग एकमेकींच्या पोरांचं न्हाणं, खाणं, रात्रीचं रडणं, सासूचे टोमणे, सगळं बोलणं निघू लागलं. एका दुपारी शालिनी घरी आली ती हसत. कशावर ते मला सांगताही येईना तिला, इतकी हसत होती. घरात तो आवाज मी विसरून गेलो होतो, आणि खरं सांगायचं तर मला त्या वर्गाचा हेवा वाटला.

गोवा तेव्हा अजून घटकराज्य व्हायचं होतं आणि कोंकणी की मराठी यावरून घराघरांत तट पडले होते. सख्खे शेजारी एकमेकांच्या गणपतीला जाईनासे झाले. बाईंनाही लोकांनी सोडलं नाही. शिकवता मराठीतून, बोलता कोंकणी; तुमची बाजू कुठली ते सांगा. वर्गातली दोन पोरं बोलतच नसत. बाई म्हणाल्या, “म्हज्या वर्गांत दोग जाणां उलयनात. तांची भास खंयची ती आदीं थारायात, मागीर म्हजी विचारात.” दोन्ही बाजूंचे लोक नाराज झाले. दोन्ही बाजूंची पोरं मात्र वर्गात येत राहिली.

वर्गाला खात्याची मंजुरी हवी होती. त्यासाठीचे सगळे अर्ज मी लिहिले. बाई माझ्या ओसरीवर बसून सांगत आणि मी त्याला सरकारी कपडे घाली. उत्तर कधी ‘विचाराधीन आहे’ असं येई, बहुधा येतच नसे. त्या काळात मला बाई आवडू लागल्या होत्या, हे लिहायला मला आज लाज वाटते, कारण पुढं मी जे केलं ते आवडत्या माणसाशीच केलं.

वर्गातला सगळ्यांत मोठा धडा म्हणजे पसऱ्यावर एकट्यानं जाऊन येणं. आमच्याकडे किराणा दुकानाला पसरा म्हणतात. बाई पुठ्ठ्यावर चित्र काढून देत: साबण, गुळाचा खडा, काडेपेटी. पोरानं एकट्यानं जायचं, चित्र दाखवायचं, वस्तू घेऊन यायचं. वाटेत चुकलं तर कुणाच्या मागं जायचं नाही. आपली बस जिथं उभी असते तिथं नाहीतर शाळेच्या पायरीवर जाऊन बसायचं. कुंदाला हे यायला वर्ष लागलं. आल्यावर मात्र ती चित्रं संपली तरी थांबेना. “आवय-बापूय म्हातारीं जातलीं, बाब. तेन्ना हिका कोणेंय हाडून दिवचें न्हय, हिणें हाडचें,” बाई म्हणत. आम्ही थकल्यावर हिला कोण आणून देणार, माझी झोप उडवणारी नेमकी हीच काळजी होती. पण दुसऱ्यानं ती उघड बोलून दाखवलेली मला खपत नसे.

पसऱ्यानंतर बाईंनी म्हापशाचा शुक्रवारचा बाजार काढला. पाच पोरं, दोन आया आणि बाई अशी सगळी पेडण्याच्या बसनं गेली. शालिनी त्या दिवशी गेली नव्हती. बाजार ऐन भरात असताना कुठूनसा मोर्चा आला, दगड पडले, फळ्या धडाधड बंद झाल्या, आणि पळापळीत कुंदाचा हात बाईंच्या हातातून सुटला. मला कचेरीत निरोप मिळाला. कुणाच्या तरी स्कूटरवर मागं बसून मी म्हापशाला पोचलो, आणि तासभर मासळीच्या कट्ट्यांपासून केळ्यांच्या ओळींपर्यंत वेड्यासारखा फिरलो. कुंदा सापडली ती स्टँडवर. पेडण्याची बस लागते त्या ठिकाणी, खांबाला पाठ लावून, मांडीवर काकणांची पुडी घेऊन ती बसली होती. ती तिथं अडीच तास बसली होती. आम्ही बाजार धुंडाळत होतो.

बाई धावत आल्या. त्यांच्या पदराला चिखल लागला होता. “ती सांडूंक ना, बाब! शिकयिल्लें तशें येवन बसली. आमीच भोंवत रावलीं!” पोर हरवली नव्हती, हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर आनंद होता. तो आनंद मला सहन झाला नाही. भर स्टँडवर मी त्यांना तोंडाला येईल ते बोललो. कुंदा माझ्याकडे न बघता काकणांची पुडी घट्ट धरून बसली होती.

एवढ्यावर थांबलो असतो तर रागाच्या भरात बाप बोलला म्हणून कुणीही सोडून दिलं असतं. पण त्याच सुमारास वासंतीचं लग्न ठरत आलं होतं. मुलाकडचे म्हापशाच्या बाजूचे. शुक्रवारच्या गोंधळात त्यांच्यातल्या कुणीतरी मला कुंदाला हाताला धरून नेताना पाहिलं होतं. कुंदाविषयी मी त्यांना सांगितलं नव्हतं. सोमवारी त्यांचा निरोप आला: तारीख धरू नका, जरा थांबा. कारण नाही, काही नाही, नुसतं थांबा. माझ्या मनात एकच बसलं, बाईंनी माझ्या एका मुलीसाठी दुसरीचं वाटोळं केलं.

त्या रात्री मी आयुष्यातला सगळ्यांत चांगला अर्ज लिहिला. परवानगीवाचून वर्ग, परवानगीवाचून सहल, निष्काळजीपणा, पालकांत घबराट. प्रत्येक वाक्य तोलून-मापून. वर्गातल्या मुलांच्या पालकांपैकी दोघांनी सह्या केल्या. बाकी सात सह्या ज्यांची पोरं त्या वर्गात नव्हतीच त्यांच्या. मी सही केली नाही. लिहिणारा सही करत नसतो, एवढी अक्कल मला कचेरीनं दिली होती.

तीन आठवड्यांनी मुलाचा काका पेढे घेऊन दारात उभा. त्यांच्या भावकीत एक म्हातारी गेली होती, सुतक होतं. सुतकात तारीख कशी धरायची म्हणून थांबा म्हटलं होतं. कारण सांगायचं निरोप्या विसरला असावा. आणि कुंदाचं? ते वासंतीनंच पहिल्या भेटीत मुलाला सांगून टाकलं होतं. काकानं आत येऊन कुंदाच्या हातावर पेढा ठेवला. मी ओसरीवर उभा राहून ते पाहिलं. अर्ज तोवर पणजीला पोचला होता.

खात्यानं बाईंकडून खुलासा मागवला आणि सोबत अर्जाची प्रत पाठवली. बाई ती घेऊन संध्याकाळी माझ्याकडे आल्या. नेहमीच्या जागी बसल्या, प्रत माझ्यासमोर ठेवली. माझंच अक्षर उताणं पडून माझ्याकडे बघत होतं. “हाका जाप दिवंक जाय, बाब,” त्या म्हणाल्या. “तुमचें अक्षर बरें. तुमीच बरयात.”

उत्तर लिहायला मी कागद घेतला. ‘सदर मुलगी हरवली नव्हती’ असं मी सुरू केलं, तर त्यांनी थांबवलं. “तशें बरोवं नाकात. भुरगें म्हज्या हातांतल्यान सुटलें, तें खरें आसा. तेंच बरयात.” मी लिहिलं. मध्येच मला राहवलं नाही. “बाई, हो अर्ज...” एवढं म्हणालो. त्यांनी प्रतीकडे नजर टाकली. “बरो बरयला. खंयच खाडाखोड ना,” त्या म्हणाल्या. “फुडें बरयात.” मी पुढं लिहिलं. माझ्याच तक्रारीला मीच उत्तर लिहिलं, आणि माझी तक्रार त्या उत्तराहून सरस होती.

बाईंची बदली झाली, थेट दक्षिण टोकाला, काणकोणच्या बाजूला. मी तक्रार मागं घ्यायला गेलो होतो. नऊ सह्यांचा अर्ज, त्यात माझी सही नाही. मागं काय घेणार? जायच्या दिवशी बाई पाचही घरी जाऊन आल्या. आमच्याकडे शालिनीशी बोलल्या, कुंदाच्या केसांवरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, “वर्ग बंद जालो म्हणून दार बंद करूं नाकात.” दुसरं काही म्हणाल्या असत्या तर मी पाय धरले असते. तेवढी वाट त्यांनी ठेवली नाही.

आणि मी दार बंद केलं. मुद्दाम नव्हे. वासंतीचं लग्न, मग घटकराज्य झालं तेव्हा कचेरीतली धावपळ, मग मुंबईच्या आणि परदेशी पाहुण्यांचा ओघ तेरेखोलपर्यंत, रस्त्यावर गाड्या वाढल्या; एकटी कशी धाडायची, हे कारण दरवर्षी नवं मिळत गेलं. कुंदा कितीतरी महिने दुपारी अडीचला तयार होऊन पायरीवर बसे. शालिनी तिला आत नेई. मग तिनं बसायचं सोडलं. लोकांपासून आम्ही तिला आता लपवत नव्हतो, लग्नामुंजीला नेतही होतो; पण हाताला धरून. बरीच वर्षं तशीच गेली. कुंदा तिशी ओलांडून गेली, आणि शालिनीचे गुडघे दुखू लागले.

बाईंना अर्धांगाचा झटका आल्याचं मला गुरवाच्या नातवाकडून कळलं. तो आता डिचोलीला नोकरीला होता. मी सर्वणला गेलो. नांगरलेल्या मळ्यांच्या कडेला घर, मधल्या खोलीत खाट. शरीराची उजवी बाजू गेली होती, शब्द जड येत होते. मला वाटलं होतं ओळखणार नाहीत. त्यांनी डावा हात उचलला आणि विचारलं, “कुंदा?”

“बरी आसा,” मी म्हणालो.

“एकटी वता? पसऱ्यार?”

आयुष्यभर आईबापांची उत्तरं ऐकलेली बाई. तिच्यापुढं मी कुंदा जाते असं सांगितलं, “वता.”

“कितें हाडटा?”

“साखर. चायची पावडर.”

“आनी परत येता?”

“येता.”

बाईंनी डोळे मिटले. डाव्या डोळ्यातून पाणी आलं. “बरें केलें,” त्या म्हणाल्या. त्या दोन शब्दांनी मला म्हापशाच्या बसमध्ये पूर्ण वाटभर मान वर करू दिली नाही. नऊ सह्यांच्या अर्जावर इतकं खोटं लिहिलं नव्हतं मी.

घरी येऊन शालिनीला सांगितलं. म्हटलं ती समजून घेईल. मरणाच्या दारातल्या माणसाला बरं वाटावं म्हणून सगळेच बोलतात. शालिनी मासळी साफ करत होती. तिनं सुरी खाली ठेवली. “तुमी खंय खंय खोटें सांगलां तें हांवें केन्नाच काडूंक ना. पूण बाईंक सांगिल्लें खोटें ह्या घरांत रावचें ना. सकाळीं तिका धाडूंया.”

सकाळी नऊला कुंदाच्या हातात पिशवी दिली. पुठ्ठ्यावर शालिनीनं साखरेचा डबा काढला. तो डबा कमी आणि भोपळा जास्त दिसत होता. पसरा आमच्या घरापासून दोनशे पावलांवर, मध्ये एक वळण. कुंदानं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. हात पुढं केला, कुणीतरी धरेल म्हणून. शालिनीनं आपले हात पदरात गुंडाळले. मी माझे पाठीमागं घेतले. बऱ्याच वेळानं कुंदा पायरी उतरली. फाटकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मी उठलो, आणि शालिनीनं माझा सदरा धरून मला खाली बसवलं. एक ट्रक गेला. कुणाचा तरी कुत्रा भुंकला. मला देवीला कौल लावावासा वाटला, पण तेवढा वेळ नव्हता. पाऊण तासानं कुंदा वळणावर दिसली. पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. साखर आणायला सांगितली होती. तिनं साबण आणला होता.

त्याच दिवशी मी बाईंना पत्र लिहिलं. अर्ज लिहून लिहून घोटीव झालेला हात, पण ते पत्र तीनदा फाडलं. शेवटी सरळ लिहिलं. मी तुमच्यासमोर खोटं बोललो. कुंदा वीस वर्षं एकटी कुठं गेली नव्हती, आज गेली. साखरेऐवजी साबण घेऊन आली. आणि तुमच्या विरुद्धचा तो अर्ज माझा होता, हे तुम्हाला ठाऊक होतं हे मला ठाऊक आहे. खाली सही केली.

दहा-बारा दिवसांनी त्यांच्या मुलाचं उत्तर आलं. त्यानं लिहिलं होतं, ‘तुमचं पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. अर्जाचं ऐकून तिनं साबणाचं तेवढं पुन्हा वाचायला लावलं. साबणाचं ऐकून हसली. तिला आता बोलायला त्रास होतो, पण तुम्हाला कळव म्हणाली, “फाल्यां परत धाडात.”’

‘उद्या परत धाडा’ असं सांगणारं हे पत्र पोस्टमननं माझ्या हातात दिलं तेव्हा कुंदा घरात नव्हती. पसऱ्यावर गेली होती.